दुसरी नजर

नाशिकरोड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात एकाच खोक्यावर दोन हात एकदम पडले. त्यांपैकी एक माझा होता आणि तो मी लगेच मागे घेतला. दुसरा हात तिथेच राहिला. त्या हाताच्या मनगटावर काळ्या पट्ट्याचे पुरुषी घड्याळ होते, आणि बोटांच्या टोकांना शाईचे पुसट निळे डाग होते.

“हे आमच्या कॉलेजचं आहे,” ती म्हणाली.

“आमच्याही…” मी म्हणालो.

“एक खोकं, दोन कॉलेजं? कोणाच्या नावावर आलंय?”

“वैशंपायन सरांच्या. माझ्याजवळ पावती आहे.”

“आणि माझ्याजवळ सरांची चिठ्ठी आहे.” तिने माझ्याकडे नीट पाहिले, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू हळूहळू पसरत गेले. “म्हणजे विधाते ते तुम्ही! सर म्हणाले, ‘विधाते तिथे कधीचाच पोहोचला असेल, पण खिडकीशी उभा राहून मागच्या लोकांना पुढे जाऊ देत असेल. तू जा, म्हणजे खोकं आजच्या आज येईल.’”

सर खरे बोलले होते. मी सकाळपासून तिथेच होतो.

१९७८ सालची दिवाळी नुकतीच सरली होती. पदार्थविज्ञानाच्या एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात मी एकटाच सरांच्या हाताखाली काचा पाहण्याचे काम करीत असे. दुसरे कोणी मिळणार असल्याचे सर म्हणाले होते. ते ‘कोणी’ असे खोक्यावर हात ठेवून उभे राहील, अशी माझी कल्पना नव्हती.

सिटी बसमध्ये काचांनी भरलेले ते खोके एकाच्या मांडीवर मावेना. शेवटी अर्धे तिच्या मांडीवर, अर्धे माझ्या, असे आम्ही बसलो. प्रत्येक खड्ड्याला दोघेही एकदम श्वास रोखायचो, आणि खड्डा मागे पडला की एकदमच सोडायचो. द्वारका चौकाच्या वळणापर्यंत आम्ही एक शब्दही बोललो नव्हतो. तरी मला वाटत होते की, बरेच बोलून झाले आहे.

“नाव नाही विचारलंत,” ती म्हणाली.

“विचारणार होतो…”

“कधी? कॉलेज आल्यावर? गौतमी गांगुर्डे.”

“छान आहे. गोदावरीचं नाव.”

“बाबा म्हणतात, बुद्धाला वाढवणाऱ्या मावशीचं. पण नाशिकमध्ये सगळ्यांना नदीच आठवते.” ती खिडकीबाहेर पाहत होती. “बाबा इथल्या नोटांच्या प्रेसमध्ये आहेत. छापलेले कागद तपासतात. आमच्या घरात डोळे चूक शोधण्यासाठीच वापरले गेलेत. सरांनी विचारलं तेव्हा म्हटलं, बघू तरी… याच डोळ्यांना एखादी नवी गोष्ट सापडते का.”

*

दूर दक्षिणेत, एका डोंगरावरच्या वेधशाळेत, रुंद तोंडाची एक दुर्बीण होती. एरवीच्या दुर्बिणी आकाशातला एकच ठिपका धरून त्याच्याकडे एकटक पाहतात. हिचा स्वभाव वेगळा होता. ही आकाशाचा मोठा तुकडा एका दमात काचेच्या तबकडीवर उतरवून घेई, इतका मोठा की, त्यात पौर्णिमेचे कित्येक चंद्र शेजारी शेजारी मांडता आले असते. काही आठवड्यांनी पुन्हा तोच तुकडा. मग पुन्हा तोच. स्थिर वाटणाऱ्या आकाशात काय बदलते, कोणता तारा मंदावतो, कोणता अचानक पेटून उठतो, हे या काचांवरूनच कळायचे. काचा ढीगभर होत्या आणि पाहणारे डोळे थोडे. म्हणून वेधशाळा काही कॉलेजांकडे खोकी पाठवीत असे.

या काचांवर, फोटोच्या निगेटिव्हप्रमाणे, आकाश पांढरे असते आणि तारे काळे. गौतमीने पहिली काच खिडकीच्या उजेडात धरली आणि डोळे बारीक करून ती पाहू लागली.

“कुणीतरी मोहरी सांडलीये,” ती म्हणाली.

आमच्या खोलीत कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बनवलेले एक यंत्र होते. एकाच तुकड्याच्या दोन वेळच्या दोन काचा त्यात शेजारी बसवायच्या, भिंगाला डोळा लावायचा आणि खिट्टी दाबायची. डावी काच दिसे. सोडली की उजवी. खट्… खट्… खट्. जे तारे तसेच आहेत ते तसेच राहत. जो बदलला आहे तो मात्र त्या खटखटीत लुकलुकू लागे. आम्ही त्या यंत्राला ‘टिकटिक्या’ म्हणत असू.

सरांचा नियम कडक होता. प्रत्येक जोडी आधी एकाने पाहायची, मग दुसऱ्याने. पहिल्याला काय दिसले हे दुसऱ्याला कळता कामा नये. शब्दाने नाही आणि चेहऱ्यानेही नाही. आपले पाहून झाले की सरांच्या खोलीत जायचे. सर चष्म्यावरून पाहत विचारत, “काही?” दोघांनी वेगवेगळे येऊन एकच जागा दाखवली, तरच ती गोष्ट वेधशाळेला कळवली जाई. एकाच नजरेला दिसलेले काहीही तिकडे जात नसे. दुर्बिणीचा एक प्रहरसुद्धा अशा शंकेवर घालवणे त्यांना परवडत नव्हते.

पहिल्याच महिन्यात मला नवा तारा सापडला.

तो काचेच्या मध्यावरच होता; ठसठशीत, काळाभोर. आदल्या काचेवर त्या जागी काहीही नव्हते. मी खिट्टी दाबत राहिलो आणि तो माझ्याशी लुकलुकत राहिला. मी जवळजवळ धावतच जाऊन सरांना जागा सांगितली. मग गौतमी आत गेली. सरांनी तिलाही विचारले, आणि ती “काही नाही” म्हणाली. सरांनी दोघांना एकत्र बोलावले.

“विधाते म्हणतो इथे एक आहे. तुला कसा दिसला नाही?”

“दिसला ना, सर. पण तो तारा नाही.” तिने काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. “विधाते, सकाळी कुठे होतात?”

“घरी. मखमलाबादला. आईला फुलं तोडू लागलो…”

“कोणती?”

“झेंडू.”

“बघा.”

मी पाहिले. तारा गोल होता, पिवळसर होता, आणि त्याच्या सगळ्या अंगावर बारीक बारीक काटे होते. गौतमीने रबरी फुगा दाबला. फुस्स! आणि माझा तारा आकाशातून उडून गेला.

सर हसता हसता खुर्चीतून उठले. मी मान खाली घातली. खोलीबाहेर आल्यावर ती माझ्या बाहीकडे बोट करून म्हणाली, “अजून पुष्कळ तारे आहेत तिथे. झटकून घ्या.” आणि मी झटकतोय तोवर तिनेच हलकेच माझ्या खांद्यावरचे कण झटकले; अगदी सहज, आणि मग सहजपणाचे भान येऊन हात मागे घेतला.

*

काचांविषयी बोलायचे नाही, हा नियम आमच्या पथ्यावर पडला. दुपारी आम्ही मागच्या पायऱ्यांवर डबे उघडून बसायचो, आणि आकाश वर्ज्य असल्यामुळे उरलेल्या साऱ्या जगाविषयी बोलावे लागे. तिने मला प्रेसच्या भोंग्याविषयी सांगितले, कॉलनीतल्या वाचनालयाविषयी सांगितले. आणि शाळेत एका बाईंनी तिचे नाव-आडनाव विचारल्यानंतर तिला पाणी कोणत्या माठातले घ्यायचे ते कसे शिकवले, तेही सांगितले. हे सांगताना ती हसत होती. मी हसू शकलो नाही.

“तुम्हाला काही बोलायचंय का?” तिने विचारले.

“हो… पण नीट शब्द सापडत नाहीत.”

“मग राहू द्या. चुकीचे शब्द पुष्कळांनी बोलून झालेत. भाकरी द्या तुमची.”

मी भाकरी दिली. तिने ती मोडली, अर्धी मला परत केली आणि तिच्या डब्यातली सुक्या बोंबलांची चटणी माझ्या अर्ध्या भाकरीवर ठेवली. आमच्या घरी मांसमच्छी शिजत नसे. मी खाल्ली. तिखटाने डोळ्यांत पाणी आले.

“रडवलं मी तुम्हाला,” ती म्हणाली.

“तिखट आहे.”

“ते तर आहेच,” ती म्हणाली, आणि दुसरीकडे पाहू लागली.

थंडी कमी होऊ लागली तेव्हा सरांनी आम्हाला बोलावून सांगितले की, वेधशाळेला एक संशोधन-साहाय्यक हवा आहे. काचा पाहणाऱ्यांतूनच कुणीतरी घ्यायचा त्यांचा विचार होता. “ज्याने आधी हेरलेलं दुसऱ्याच्या नजरेतही पक्कं ठरेल, त्याचं नाव मी कळवीन,” सर म्हणाले. “दोन वर्षांचं काम. राहायची सोय डोंगरावरच.”

त्या दिवशी पायऱ्यांवर आम्ही कमी बोललो.

“तुम्हाला हवंय का ते?” तिने विचारले.

“मला इथून जाता येणार नाही. आई एकटी आहे, मळा आहे. आणि तुम्हाला?”

तिने उत्तर देण्याआधी डब्याचे झाकण दोनदा लावले आणि दोनदा काढले. “मला इतकं हवंय, विधाते, की ते हवं असणं कुणाला दिसू नये म्हणून मी जपून वागते.”

तिला ते मिळावे, असे मला मनापासून वाटले. त्याच क्षणी, तितक्याच मनापासून, मिळू नये असेही वाटले. दोन्ही भावना एकमेकींना ढकलत राहिल्या, आणि मी आपला चेहरा शांत ठेवून बसलो. ते मला लहानपणापासून जमते.

*

फाल्गुनात एक जोडी आली. तिच्यातली दुसरी काच सदोष होती. वेधशाळेने सोबत कळवले होते की, त्या वेळी डोंगरावर वारा सुटला होता; दुर्बीण किंचित थरथरली होती, आणि लगेच ढग आल्यामुळे दुसरी प्रत घेता आली नव्हती. त्या काचेवरचा एकही तारा गोल नव्हता. प्रत्येक जरासा लांबट होता, ईशान्येकडे कललेला.

आधी पाहण्याची पाळी गौतमीची होती. ती खोलीतून बाहेर आली तेव्हा नियमाप्रमाणे तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हते. जरा जास्तच कोरा होता तो. पायऱ्यांवर तिने डबा उघडला आणि जेवायचे विसरून ती समोरच्या कडुनिंबाकडे पाहत बसली.

“जेवा,” मी म्हणालो.

“हं.”

“गौतमी…”

“माझ्याकडे पाहू नका आत्ता,” ती हळूच म्हणाली. “तुम्हाला आत जायचंय.”

मी आत गेलो. खिट्टी दाबली. खट्… खट्. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, ओळीने. आणि खालच्या कोपऱ्याजवळ, एका दाट पुंजक्याच्या कडेला, एक बारीक ठिपका लुकलुकला.

मी खिट्टीवरचा हात काढून घेतला.

तो फार लहान होता. असे ठिपके धुळीचेही असतात, काचेवरच्या लेपातल्या दोषाचेही असतात. झेंडूचेही असतात, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक होते? ‘मला काही दिसले नाही,’ एवढे म्हटले की झाले असते. ‘दिसला, पण खात्री वाटत नाही,’ असे म्हटले तरीही पुरे होते. तसे म्हणण्याचा माझा लौकिक होताच. खात्री न वाटणारा माणूस म्हणूनच सगळे मला ओळखत. कोणी शंका घेतली नसती. उद्या दुपारी ती पुन्हा पायऱ्यांवर माझ्या शेजारी बसली असती, परवाही. आणि कधीतरी, पुढे, मला नीट शब्द सापडले असते.

बाहेर कुणीतरी सायकल लावली. कडुनिंबाची पाने खिडकीच्या गजांतून आत आली होती. ती पायाखाली वाजली. मी काच काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

धूळ जिथे पडते तिथे आपल्याच आकारात पडते. तिला डोंगरावरच्या वाऱ्याची काय माहिती? पण तो ठिपका लांबट होता. अगदी थोडा, आणि ईशान्येकडे कललेला. कडा मऊ होत होत पांढऱ्यात विरून जाणाऱ्या. ज्या वाऱ्याने शेजारचे सगळे तारे हलले होते, त्याच वाऱ्याने तोही हलला होता. म्हणजे त्या रात्री तो तिथे होता. हजारो वर्षे चाललेला उजेड डोंगरावर पोचला होता, आणि कॉलेजातल्या एका मुलीच्या डोळ्यांनी तो हेरला होता.

मी काच पुन्हा यंत्रात बसवली. मला कुठल्याही मोठ्या तत्त्वाची आठवण झाली नाही. एवढेच वाटले की, ही मुलगी जन्मभर इतरांच्या नजरेने मोजली गेली आहे, आणि आज माझी नजर तिच्यावर आहे.

सरांच्या खोलीत पंखा फिरत होता.

“काही?” त्यांनी विचारले.

“आहे, सर,” मी म्हणालो, आणि जागा दाखवली.

सरांनी चष्मा काढला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना किती कळले होते, मला ठाऊक नाही. “नक्की, विधाते?”

“नक्की, सर. वाऱ्याने हललाय.”

*

तिकडून तार आली ती चैत्राच्या सुरुवातीला. त्यांनी तो तुकडा पुन्हा टिपला होता. नवतारा तिथेच होता, मावळत चाललेला, पण निःसंशय. पाठोपाठ गौतमीला बोलावणेही आले.

त्या रविवारी सकाळी ती मखमलाबादला आली. आम्ही मोगऱ्याच्या कळ्या तोडत होतो. बांधावर तिला पाहून माझ्या हातातली करंडी कलंडली.

आईने पदर सावरला. “कोन गं बाई तू?”

“मी यांच्याबरोबर काचा बघते. गौतमी.”

“ती ताऱ्यांवाली व्हय? लय ऐकलंय तुझं. हा बोलत नाय. पन तुझं नाव निघालं की दोन वाक्यं जास्ती बोलतो.” मी कळ्यांवर वाकलो. “कुनाची तू?”

गौतमीची मान ताठ झाली. “गांगुर्ड्यांची. नाशिकरोडची. आम्ही बौद्ध आहोत.”

आई क्षणभर थांबली. मला तो क्षण फार मोठा वाटला. तिने गौतमीच्या पायांकडे पाहिले, चेहऱ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले… मग खांद्यावरची रिकामी झोळी काढून तिच्यापुढे धरली. “मंग उभी काय ऱ्हातीस? ऊन चढलं की कळी फुलती, मंग बाजारात कोनी इचारत नाय. त्या वळीला लाग. आनि तहान लागली तर घागर तिकडं, खोपीत हाय. आपल्या हातानं घे.”

गौतमीने झोळी गळ्यात अडकवली. तिचे डोळे भरून आले होते. पण ती आईकडे न पाहता ओळीत शिरली. मी करंडी खोपीत रिकामी करून आलो आणि शेजारच्या ओळीत शिरलो. मध्ये मोगऱ्याची हिरवी भिंत, आणि तिच्या फटींतून ती कधी दिसायची, कधी नाही.

“मी बुधवारी निघते,” ती म्हणाली.

“हो. सर म्हणाले.”

“तुम्ही काहीच म्हणणार नाही?”

“काय म्हणू?”

“थांब म्हणा.”

माझा हात कळीवरच थांबला. “म्हणणार नाही.”

“का?”

“कारण… तुम्ही थांबाल.”

भिंतीपलीकडे तिने आणखी एक कळी तोडली. मग ती म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही आत होतात ना, तेव्हा मी पायऱ्यांवर बसून ठरवत होते. यांनी तो ठिपका खरा म्हटला, तर माझा तारा खरा. आणि खोटा म्हटला, तर… मला फार वाईट वाटेल. आणि तारा गेला म्हणून नाही वाटणार. कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय.”

“मग आता तरी बोला. शब्द सापडले नाहीत असं सांगू नका. मी तीन महिने वाट पाहिलीय.”

पानांच्या फटीतून मला तिचा अर्धा चेहरा दिसत होता. एक डोळा, केसांची बट, कपाळावरचा घाम. मी आयुष्यात प्रथमच समोरच्याला पुढे जाऊ दिले नाही.

“माझं तुमच्यावर प्रेम आहे,” मी म्हणालो. “फार दिवसांपासून. आणि तुम्ही गेल्यावरही राहील. तुम्ही तिकडे आहात याचा मला त्रास होईल, आणि आनंदही होईल… दोन्ही एकदम. मी वाट पाहीन.”

“वाट पाहू नका,” ती म्हणाली. तिच्या आवाजात हसू होते आणि रडूही. “तेच तर तुम्हाला फार छान जमतं, म्हणून भीती वाटते. या. उठून या.”

“तिकडे? तुमचं काम असेल…”

“पावसाळ्यात दुर्बीण बंद असते. ढग असले की डोंगरावर सगळे रिकामे. मी चौकशी करून ठेवलीय.” ती भिंतीच्या फटीतून वाकली. “तुमच्या आईलाही विचारलंय आत्ताच, तुम्ही करंडी रिकामी करायला गेलात तेव्हा. त्या म्हणाल्या, ‘आखाडात मोगरा कमी आसतो, घेऊन जा त्याला चार दिवस.’”

ओळीच्या टोकाकडून आईचा आवाज आला, “गप्पा हानाय बोलावलं न्हाई मी! वळ संपवा!”

आम्ही ओळ संपवली.

बुधवारी ती गेली. मी काचा पाहत राहिलो, कळ्या तोडत राहिलो, परीक्षा दिली. ऊन तापत गेले. रोज संध्याकाळी नाशिकवरचे आकाश स्वच्छ असे. तारे टिपणाऱ्याला हवे असते तसे, एकाही डागाविना. शेजारी म्हणत, यंदा काय सुरेख दिसतंय. मी मान डोलावत असे.

त्या वर्षी, जन्मात पहिल्यांदाच, मी मान वर करून ढग शोधत होतो.